बंद दिवसांची हजेरी कोण लावणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपची पीएफ आणि ईएसआयची (कामगारांच्या सरकारी विम्याची) कामं करते, अठरा वर्षं झाली. दर महिन्याला चलन काढायचं, हजेरीचा मस्टर बघून कामगारांचे दिवस भरायचे, कुणी सोडून गेला तर त्याचे पैसे काढून द्यायचे, कुणी वारला तर त्याच्या घरच्यांचे फॉर्म भरायचे, हे माझं रोजचं काम. त्यामुळे मालक पण माझ्या टेबलासमोर बसतो, कामगार पण आणि कधी कधी त्याची बायको पण. कोरोनाच्या काळात कायदे कसे बदलले यावर आत्तापर्यंत बरंच लिहून आलंय पण ते सगळं दिल्लीतून आणि कोर्टातून लिहिलेलं असतं, माझ्या टेबलावरून काय दिसलं ते सांगावं असं खूप दिवस मनात होतं. आता नवीन लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत तर ते आत्ताच सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

एका हजेरीपासून सुरू करते. लातूर जिल्ह्यातला एक कामगार, आमच्या इथे एका प्रेस शॉपला (पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे) होता. मार्च २०२० चा पगार त्याला मिळाला, नंतर शॉप बंद, एप्रिलपासून पगार बंद. तो बायको-मुलींना घेऊन गावाला गेला तो थेट १५ मार्च २०२१ ला परत कामावर आला. त्याच शॉपला, जुनाच ईएसआय नंबर, जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर). १२ एप्रिलला पॉझिटिव्ह आला आणि महिना संपायच्या आत वारला. त्यानंतर जून २०२१ मध्ये केंद्राने ईएसआयची कोविड रिलीफ स्कीम आणली, विमा असलेला कामगार कोरोनाने गेला तर घरच्यांना त्याच्या सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के, दरमहा, बायकोला आयुष्यभर किंवा दुसरं लग्न करेपर्यंत, मुलांना ठरावीक वयापर्यंत. मी ते वाचलं तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं, म्हटलं कुणीतरी विचार केलाय. स्कीम मागच्या तारखेपासून म्हणजे २४ मार्च २०२० पासून लागू होती ते पण चांगलंच. पण खाली अट होती, आजार निघाला त्याच्या आधीच्या जास्तीत जास्त एक वर्षात निदान ७० दिवसांची वर्गणी हवी.

मी मस्टर काढला. पानावर बोट ठेवून ठेवून मोजलं. एप्रिल २०२० कोरा, मे कोरा, जून कोरा, असं करत करत फेब्रुवारीपर्यंत नुसत्या रिकाम्या चौकटी, मग मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात पी, पी, पी, आणि एप्रिलचे सुरुवातीचे. चोवीस दिवस भरले. ती बाई समोर बसलेली, मोठ्या मुलीने पाणी आणून दिलं तिला, आणि मला सांगावं लागलं की ताई हे बसत नाही. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, सात वर्षं कापलेत ना पैसे त्यांचे." मी पगाराच्या स्लिपा बघितल्या होत्या, सात वर्षं महिना न चुकता कापले होते.

आता बघा यात चूक कुणाची. कामगाराने अट मोडली नाही. मालकाने आपणहून कुलूप घातलं नाही, २५ मार्च २०२० पासून आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली सगळा देशच बंद केला होता. म्हणजे एका कायद्याने सांगितलं कामावर येऊ नका, आले तर गुन्हा, आणि दुसऱ्या कायद्याने त्याच दिवसांची हजेरी मागितली. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर. कोरोनात जेवढे म्हणून कायदे बदलले त्यातले बरेचसे चांगल्या मनाने बदलले, पण मोजायची पट्टी मात्र नेहमीच्या दिवसांचीच ठेवली, आणि जो खरा अडचणीत होता तोच त्या पट्टीत बसला नाही.

पीएफचंच घ्या. मार्च २०२० च्या शेवटी सरकारने गरीब कल्याण पॅकेजमध्ये जाहीर केलं की लहान आस्थापनांचा पीएफ, कामगाराचा १२ टक्के आणि मालकाचा १२ टक्के असा पूर्ण २४ टक्के सरकार भरेल. आधी तीन महिने, मग वाढवून ऑगस्टपर्यंत केलं. अट अशी की कामगार शंभरपर्यंत असावेत आणि त्यातल्या ९० टक्के किंवा जास्त जणांचा पगार १५ हजारांच्या खाली असावा. ऐकायला बरोबर वाटतं. माझ्याकडे एक पावडर कोटिंगवाले आहेत, त्यांच्याकडे तेव्हा २४ जण होते. त्यातला एक सुपरवायझर, एक जुना पेंटर आणि एक मेंटेनन्सवाला, तिघं १५ हजारांच्या वर. राहिले एकवीस, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. संपलं. एकवीस जणांचा पगार अकरा-बारा हजार असून एकालाही फायदा नाही, कारण तिघांना थोडा बरा पगार होता. दुसऱ्या एका गाळ्यात सगळ्यांनाच कमी पगार, तिथे मात्र पूर्ण मिळाला. ज्या मालकाने जुन्या माणसाला वाढ दिली तो बाहेर राहिला, हे मला आजपण पटत नाही. प्रत्येक कामगाराचा पगार ईसीआरमध्ये (पीएफच्या महिन्याच्या ऑनलाइन पत्रकात) वेगळा दिसतोच ना, मग ज्याचा १५ हजारांच्या आत त्याचा भरा, एवढं सोपं होतं.

मग मे, जून, जुलै २०२० साठी पीएफ १२ वरून १० टक्क्यांवर आणला. तेव्हा बऱ्याच कामगारांना वाटलं पगार वाढला, मला फोन करून विचारत होते. बारा हजार बेसिकवाल्याच्या हातात महिन्याला २४० रुपये जास्त आले हे खरं, पण मालकाचा हिस्सा पण २४० ने कमी झाला आणि तो काही कामगाराच्या हातात आला नाही. तीन महिन्यांचे ७२० रुपये त्याच्या खात्यात पडायचे ते पडलेच नाहीत. मालकाला तेवढाच आधार झाला, त्याला तेव्हा लाइटचं बिल भरायची पण मारामार होती, मी मालकाला नावं ठेवत नाही. पण कामगाराला कुणी त्याच्या भाषेत सांगितलं का की हा तुझाच पैसा आहे आणि त्यातला अर्धा येणार नाही? नोटिफिकेशन इंग्रजीत, गेटवर लावायचं म्हटलं तर गेटच बंद.

पगाराच्या ऑर्डरबद्दल तर काय सांगू. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की बंदच्या काळातला पूर्ण पगार काहीही न कापता द्यायचा, आणि खोलीमालकांनी मजुरांकडून एक महिन्याचं भाडं मागायचं नाही. व्हॉट्सअपवर तो आदेश सगळ्या कामगारांकडे गेला, पहिल्यांदाच एखादी सरकारी ऑर्डर मालकाच्या आधी कामगाराच्या फोनवर मी बघितली. कामगार म्हणायचे मॅडम सरकारने लिहिलंय. मालक म्हणायचे सरकारने लिहिलंय पण पैसे कुठून आणू ते लिहिलं नाही. दोघं खरं बोलत होते! पावडर कोटिंगवाल्यांनी एप्रिलचा अर्धा पगार बँकेच्या ओव्हरड्राफ्टमधून काढून दिला, ते पण दोन टप्प्यात. आणि खोलीमालक म्हणजे इथे कुणी मोठा बिल्डर नाही हो, गावठाणात वर दोन खोल्या काढून त्याच्यावर घर चालवणारी माणसं, त्यांची लाइट, पाणीपट्टी थांबली नव्हती.

मग १७ मे ला तो आदेश मागे घेतला, १८ मे पासून संपला. त्या पन्नास-बावन्न दिवसांच्या पगाराचं काय, यावर उद्योगवाले सुप्रीम कोर्टात गेले, १२ जून २०२० ला कोर्टाने सांगितलं की मालकांवर जबरदस्तीची कारवाई नको, मालक आणि कामगारांनी आपसात बसून बोलून मिटवावं, नाही जमलं तर लेबर ऑफिसने मध्यस्थी करावी. कोर्टाचा मी मान राखूनच लिहितेय. पण बसायचं कुणी आणि कुठे? कामगार बिहारमध्ये, नांदेडमध्ये, परभणीत. जाताना पायी गेलेत लोकं. ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळावर मालगाडीखाली सोळा जण गेले, ते जालन्यातल्या स्टील कंपनीतले कामगार होते, घरीच चालले होते. अशा वेळी तडजोडीच्या बैठकीला कोण येणार? माझ्याकडच्या तीस-बत्तीस आस्थापनांपैकी एकातही अशी बैठक झाली नाही, एकातही नाही. जो परत आला त्याने कामाला लागण्यासाठी तो विषय काढला नाही, जो परत आला नाही त्याचा विषय तिथेच संपला.

आता मालकांची बाजू, कारण माझी निम्मी रोजीरोटी त्यांच्यावर आहे आणि त्यांचं दुःखही मी बघितलंय. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्त्यांना तीन महिने सवलत दिली, नंतर वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत. आमच्या इथे सगळे म्हणायला लागले हप्ते माफ झाले. माफ नव्हते, पुढे ढकलले होते आणि व्याज चालूच होतं. ओळखीतल्या एका तरुण मुलाने नुकतंच व्हीएमसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं, धातूचे पार्ट कापायचं) घेतलं होतं, १८ लाखांचं कर्ज राहिलेलं, ११ टक्के व्याज. सहा महिन्यांचं व्याज जवळजवळ एक लाख झालं. पुढे कोर्टात प्रकरण गेलं, सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज परत द्यायचं ठरवलं, नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्या पासबुकात आले साधारण तेवीसशे रुपये. मार्च २०२१ मध्ये कोर्टाने ते सगळ्याच कर्जदारांना लागू केलं. तेवीसशे आले ते चांगलंच झालं पण एक लाख त्याच्या कर्जात चढले ते चढलेच, आणि सहा महिने मशीन बंद होतं ही वस्तुस्थिती कुठल्याच हिशोबात धरली नाही. परत तेच, बंद दिवस मोजायला कुणी तयार नाही.

आणि एक गोष्ट जिच्यावर फार कमी बोललं जातं. २४ मार्च २०२० ला दिवाळखोरी कायद्याखाली पैसे थकवणाऱ्या कंपनीला ट्रिब्युनलमध्ये (कंपन्यांच्या खास कोर्टात) न्यायची मर्यादा एक लाख थकबाकीवरून एकदम एक कोटी केली. सांगितलं हे की लहान उद्योगांना वाचवायला. मग ५ जूनला अध्यादेश काढून नवीन केसेसच बंद केल्या, त्या २४ मार्च २०२१ पर्यंत बंद राहिल्या, आणि त्या वर्षातल्या थकबाकीसाठी पुढेही कधीच केस टाकता येणार नाही अशी तरतूद केली. आता भोसरीतला जॉब वर्क (मोठ्या कंपन्यांची कामं करून देणं) करणारा माणूस यात कोण आहे? तो बऱ्याच वेळा कर्जदार नसतो हो, त्याचेच पैसे मोठ्या पार्टीकडे अडकलेले असतात! पावडर कोटिंगवाल्यांचे तेव्हा एका पार्टीकडे २२ लाख अडकले होते. आधी नुसती नोटीस पाठवली तरी समोरचा चेक काढायचा, कारण ट्रिब्युनलची भीती होती. एक कोटीची मर्यादा झाली आणि ती भीती गेली. कोरोना गेला, मर्यादा अजून एक कोटीच आहे. छोट्यांच्या नावाने बदल केला आणि छोट्याच्या हातातली काठी काढून घेतली, हे कुणीतरी परत तपासावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. उशिरा पेमेंटसाठी एमएसएमईची (लहान-मध्यम उद्योगांची) वेगळी कौन्सिल आहे हे मला माहितीये, पण ज्याला पुढची ऑर्डर त्याच पार्टीकडून हवी असते तो तिथे वर्षानुवर्षं भांडत बसत नाही.

कामाच्या तासांचे नियम सुद्धा बदलले. गुजरातने १७ एप्रिल २०२० ला कारखान्यात रोज बारा तास आणि जादा तासांना दुप्पट नाही तर साधाच दर असं नोटिफिकेशन काढलं. त्यावर मात्र सुप्रीम कोर्टाने १ ऑक्टोबर २०२० ला स्पष्ट सांगितलं की महामारी म्हणजे कामगारांचे हक्क बाजूला ठेवायचं कारण होऊ शकत नाही, नोटिफिकेशन रद्द, आणि त्या काळातला ओव्हरटाइम नियमाने द्या. तो निकाल मी प्रिंट काढून ठेवलाय. त्या सगळ्या वर्षातली मला धीर देणारी ती एक गोष्ट.

घरच्यांच्या मदतीबद्दल दोन शब्द. कोरोनाने गेलेल्याच्या कुटुंबाला ५० हजार, हे सरकारने आपणहून दिलं नाही, ३० जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेव्हा नियम झाले. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर दाखल्यावर कोविड लिहिलेलं नसलं तरी चालेल असं ठरलं, ते फार बरं झालं, लातूरच्या त्या ताईंना हे पैसे मिळाले, भाच्याने ई-सेवा केंद्रात जाऊन अर्ज भरला. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती त्या काकांचं काय? एप्रिल २०२१ ला बेड मिळेना, टेस्टचा रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागत होते, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या संसर्गाचा स्कोअर १८ आला आणि ते घरीच वारले. स्कॅनची फिल्म आहे, टेस्टचा कागद नाही. काकू अजून ती फिल्म गादीखाली ठेवून आहेत. आईवडील दोन्ही गेलेल्या मुलांना राज्याने पाच लाखांची ठेव दिली ते योग्यच, पण बहुतेक घरात एकच कमावणारा गेला होता, त्यांच्या वाट्याला वेगवेगळ्या टेबलांवरचे वेगवेगळे फॉर्मच जास्त आले.

मी म्हटलं तसं हे सगळं आत्ता लिहायचं कारण नवीन कोड. सप्टेंबर २०२० मध्ये, लोकं घरात बसलेली असताना, तीन लेबर कोड संसदेत मंजूर झाले, वेतनाचा आधीच २०१९ मध्ये झाला होता, आणि चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. कारखाना बंद करायला किंवा माणसं कमी करायला परवानगी लागायची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली, त्याच्यावर युनियनवाले बोलतायत, बोलायलाच हवं. माझं म्हणणं वेगळं आहे. सोशल सिक्युरिटी कोडमध्ये महामारी आली तर सरकारला वर्गणी कमी करायचा किंवा पुढे ढकलायचा अधिकार लिहून ठेवलाय, म्हणजे पुढच्या महामारीचा विचार केलाय. मग त्याच्याच शेजारी अजून एक ओळ लिहा, की सरकारी आदेशाने कारखाना बंद असेल तर ते दिवस वर्गणीचे दिवस धरले जातील. कामगाराचे आधीच्या वर्षीचे दिवस तुमच्याच कॉम्प्युटरवर आहेत, त्याची सरासरी काढा आणि भरा. आणि मृत्यूच्या मदतीला शेवटची तारीख लावायचीच असेल तर घरच्यांना योजना कळवल्याच्या दिवसापासून लावा, आणि कळवा मराठीत. कोण गेलं हे दाखल्यावरून सरकारलाच आधी कळतं, आधार जोडलेलं असतं, पीएफ जोडलेला असतो, मग बाईने चार ऑफिसं फिरायची गरज काय?

आमदार-खासदारांना, कामगार खात्याला हे पत्र मी वेगळं पाठवतेय. पण तुमच्या पेपरात छापून आलं तर अजून एक काम होईल. पीएफ भरत असलेला माणूस नोकरीत असताना गेला असेल तर त्याच्या बायकोला पेन्शन मिळतं, त्यासाठी एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते, आणि दोन मुलांपर्यंत मुलांना पण २५ वर्षांचे होईपर्यंत मिळतं. बऱ्याच बायकांना वाटतं आता पाच वर्षं होऊन गेली, काही होणार नाही. लातूरच्या ताईंचं पण आधारवर लग्नानंतरचं नाव आणि पीएफच्या नॉमिनेशनमध्ये माहेरचं, त्यात आठ महिने गेले, पण पेन्शन चालू झालं. ५० हजारांच्या अर्जाची मुदत संपली असली तरी फारच अडचण होती हे दाखवता आलं तर जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीकडे जायची वाट सुप्रीम कोर्टाने मार्च २०२२ च्या आदेशात ठेवली होती. कुणाच्या घरात यूएएन लिहिलेली जुनी पगाराची स्लिप पडून असेल तर ती फेकू नका, मृत्यूचा दाखला, आधार आणि ती स्लिप घेऊन जवळच्या पीएफ ऑफिसात जा. टपरीवाल्या काकूंना घेऊन मी येत्या सोमवारी कलेक्टर ऑफिसला जातेय, फिल्म सोबत घ्यायला सांगितलीये.

आपली,
पीएफ-ईएसआयची कामं करणारी एक वाचक
भोसरी, पुणे